वाढत्या अंगाचा स्नोबोर्ड

स्नोबोर्ड विकत घेण्याआधी माणसाला स्वतःची रायडिंग स्टाइल ठाऊक असावी लागते, हे देवदत्त आगाशेला सॅन होजेच्या एका दुकानात, मागच्या सीझनच्या मालाचा सेल चालू असताना कळलं. तोवर त्याची समजूत अशी होती, की स्नोबोर्ड म्हणजे एक फळी. फळी घ्यायची, बर्फावर ठेवायची, वर उभं राहायचं, पुढचं गुरुत्वाकर्षण बघून घेतं.

"सो, व्हॉट्स युअर रायडिंग स्टाइल?" दुकानातल्या डगने विचारलं. डग देवदत्तच्याच वयाचा, म्हणजे पन्नाशी ओलांडलेला. पण त्याने पांढऱ्या केसांची शेपटी बांधली होती, आणि त्याचे डोळे जन्मात एकाही मीटिंगला न गेलेल्या माणसाचे शांत डोळे होते.

देवदत्तला आजवर पुष्कळ प्रश्न विचारले गेले होते. गोत्र कोणतं, टक्के किती, ग्रीन कार्ड आलं का, येताना दूध आणलंस का. पण तुझी स्टाइल काय, असं कोणी विचारलं नव्हतं. स्टाइल इतर लोकांना असते, आपल्याला फक्त सवयी असतात, असं तो धरून चालला होता. आता या शेपटीवाल्या माणसाने इतक्या आपुलकीने विचारलं, तेव्हा त्याला उगाचच भरून आलं.

देवदत्त सनीव्हेलच्या एका चिप बनवणाऱ्या कंपनीत व्हेरिफिकेशन करायचा. म्हणजे दुसऱ्यांनी केलेली चिप चुकीचीच आहे असं गृहीत धरायचं आणि चूक सापडेपर्यंत हात धुऊन तिच्या मागे लागायचं. हा स्वभाव पगाराला उत्तम आणि संसाराला घातक, असं त्याची बायको शुभा म्हणायची. असा माणूस स्नोबोर्डच्या दुकानात उभा होता तो खेळासाठी नव्हे. तो उभा होता ऋतासाठी.

ऋता त्यांची एकुलती एक मुलगी, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला. लहानपणी ती बाबाच्या खांद्यावरून खाली उतरायची नाही, आणि आता खोलीतून बाहेर यायची नाही. विचारलेल्या प्रश्नांना 'फाइन' आणि 'ओके' यांपैकी एक उत्तर मिळायचं. मात्र हिवाळ्यात मैत्रिणींबरोबर लेक ताहोला स्नोबोर्डिंगला जाऊन आली, की तिचा चेहरा उजळलेला असायचा. गेल्या एप्रिलमध्ये देवदत्त तिला बसवरून आणायला गेला होता. गाडीत बसता बसता ती म्हणाली, "इट वॉज सो प्रिटी. यू शुड कम समटाइम, बाबा." एवढंच. मग तिने कानांत इअरफोन घातले. पण देवदत्तच्या कानांत ते वाक्य जे जाऊन बसलं ते बसलंच. पुढच्या ऑगस्टमध्ये ती कॉलेजला जाणार होती, तीही बहुधा लांब, मिशिगनला, ॲन आर्बरला. मध्ये एकच हिवाळा उरला होता. तेवढ्यात लेकीबरोबर एक दिवस बर्फात घालवायचा, बाकी त्याला काही नको होतं.

"डोळे मिटा," डग इंग्रजीत म्हणाला, "आणि तुम्ही डोंगरावर आहात असं समजा. काय दिसतंय?"

देवदत्तने डोळे मिटले. आश्चर्य म्हणजे त्याला खरंच दिसलं. पाइनच्या झाडांमधून उतरत गेलेला शुभ्र उतार, त्यावर एक पाऊल उमटलेलं नाही. हवेत कापसासारखा बर्फ भुरभुरतोय. गुडघे दुखत नाहीत. आपण अलगद घसरत चाललोय, इतके अलगद की आपलं आपल्यालाही ऐकू येत नाही. आणि पुढे, पिवळ्या जॅकेटमध्ये, ऋता. ती मागे वळून थांबली आहे.

"शी इज वेटिंग," तो पुटपुटला.

"दॅट्स फ्रीराइड, मॅन," डग सद्गदित होऊन म्हणाला.

फ्रीराइड म्हणजे मळलेल्या वाटा सोडून, न तुडवलेल्या खोल बर्फात शिरणाऱ्या पट्टीच्या लोकांची स्टाइल. त्यांचा बोर्ड लांब आणि ताठ असतो. नवशिक्याने आखूड आणि लवचिक बोर्ड घ्यावा, अशी पाटी दुकानात होती आणि ती देवदत्तने वाचलीही होती. पण आता दोन बोर्ड समोर होते. एक हनुवटीपर्यंत येणारा आणि एक कपाळाच्याही वर जाणारा. आणि इथे डग, पाटी आणि इंजिनियरिंगची पदवी सगळं बाजूला पडून मिरजेचे संस्कार पुढे आले.

आगाशांच्या घरात कोणतीही वस्तू मापाची घेत नसत. वाढत्या अंगाची घेत. देवदत्तचा पहिलीतला शर्ट तिसरीत बसला आणि चौथीत फाटला. मापाचा असा तो त्याला एकच वर्ष होता, आणि ते त्याच्या बालपणातलं सुखाचं वर्ष होतं. हाच वारसा त्याने अमेरिकेत चालवला. ऋताला पहिली सायकल आणली तीही वाढत्या अंगाची. पाय पॅडलला पोचेपर्यंत ती बिचारी सायकलला टेकून उभी राहायची आणि रस्त्यातल्या मुलांकडे बघायची. तिने आयुष्यात शिकलेला पहिला मोठा मराठी शब्दप्रयोग 'वाढत्या अंगाचं' हाच होता, आणि तो ती शिवीसारखा वापरायची.

"हा तुम्हाला जरा मोठा होईल," डग म्हणाला.

"आय विल ग्रो," देवदत्त बाणेदारपणे म्हणाला. बोर्डावर दात विचकलेल्या लांडग्याचं चित्र होतं. त्याकडे त्याने तेव्हा नीट पाहिलं नाही.

घरी आल्यावर शुभाने दार उघडलं आणि म्हणाली, "हे काय? अजून एक दार आणलंस?"

ऋता खोलीतून बाहेर आली. "ओ माय गॉड, बाबा. इट्स ह्यूज." मग तिने बोर्डाकडून बाबाकडे पाहिलं. "वेट. यू आर कमिंग? विथ मी?"

"फेब्रुवारीत. एक दिवस," देवदत्त म्हणाला.

ती क्षणभर थांबली. "कूल," ती म्हणाली आणि परत खोलीत गेली.

ज्या माणसाने पंचवीस वर्षं कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवला नव्हता, त्याने ते 'कूल' अजिबात तपासून पाहिलं नाही. मध्ये ती थांबली होती तिकडेही त्याने लक्ष दिलं नाही. तो तरंगतच गॅरेजमध्ये गेला.

बोर्ड आल्याची बातमी आपोआप पसरली. शेजारी उल्हासकाका आणि वसुधाकाकू राहायचे. काकांची उभी हयात ॲन आर्बरला हाडांचे सर्जन म्हणून गेली होती, आता निवृत्त होऊन मुलाजवळ आले होते. रिकामपण त्यांना सोसत नव्हतं.

"मी बर्फाच्या जिवावर दोन घरं बांधली," काका सोफ्यावर बसत म्हणाले. "ऐक. स्नोबोर्डवाला मागे पडला तर मनगट. पुढे पडला तर खांदा. कडेला पडला तर खुबा. आणि मुळीच पडला नाही, तर तो स्नोबोर्डवर नव्हता." मग त्यांनी देवदत्तचं मनगट हातात घेऊन आंबा दाबून पाहावा तसं दाबून पाहिलं. "छान आहे. सुबक मोडेल."

"अहो, काहीतरी चांगलं बोला," वसुधाकाकू म्हणाल्या.

"चांगलंच बोलतोय. कधीकधी फार वेडंवाकडं मोडतं."

ऑफिसात राजेश होता, नागपूरचा. दरवर्षी तो ताहोला जायचा आणि दिवसभर तिथल्या कॅफेटेरियात हॉट चॉकलेट पीत लोकांचं पडणं बघायचा, त्यामुळे त्याचा अभ्यास दांडगा होता. "अरे यार, बोर्ड घेतलास, पण तुझा पुढचा पाय कोणता?" त्याने जेवणाच्या सुट्टीत विचारलं. स्नोबोर्डवर आडवं उभं राहतात. काहींचा डावा पाय पुढे असतो, काहींचा उजवा. हे कळण्याचा शास्त्रशुद्ध मार्ग म्हणजे माणसाला बेसावध असताना मागून ढकलायचं आणि कोणता पाय पुढे पडतो ते बघायचं. हे सगळं राजेशने ढकलून झाल्यावर समजावून सांगितलं. देवदत्तचा उजवा पाय पुढे पडला, आणि हात काबुली चण्याच्या हमसच्या भांड्यात.

"गूफी!" राजेश आनंदाने ओरडला. उजवा पाय पुढे असणाऱ्यांना स्नोबोर्डच्या भाषेत 'गूफी', म्हणजे बावळट, असंच म्हणतात, यात राजेशचा काही दोष नव्हता. पण ऑफिसच्या सगळ्या कॅफेटेरियाने ऐकलं. दुसऱ्या दिवशी एका मीटिंगमध्ये त्याच्या हाताखालच्या एका मुलीने, अतिशय आदराने, "मला कळलं तुम्ही गूफी आहात" असं म्हणून त्याचं अभिनंदन केलं. घरी सांगितल्यावर शुभा म्हणाली, "मला हे साखरपुड्यातच कळलं होतं, पण तेव्हा हॉलचे पैसे भरून झाले होते."

सरावाचं प्रकरण त्याहून चिघळलं. घरांसमोर टपालपेट्यांजवळ गवताचा एक छोटासा उंचवटा होता. देवदत्त संध्याकाळी तिथे बोर्ड ठेवायचा, वर उभा राहायचा, डोळे मिटायचा. सनीव्हेलमध्ये सप्टेंबरात गवत वाळून पिवळं पडलेलं असतं, पण मिटल्या डोळ्यांना ते पांढरं दिसायचं. तो गुडघे वाकवून, हात पसरून, जागच्या जागी मैलच्या मैल जायचा. ऋता पुढे थांबलेली असायची. एकदा तो असाच पार डोंगरपायथ्याशी पोचला असताना गवताचे स्प्रिंकलर सुरू झाले, आणि तो बोर्ड तिथेच टाकून घरात पळाला.

आठवड्याने सोसायटीच्या मॅनेजमेंटचं पत्र आलं. 'आपण नोंदणी न केलेला मोठ्या आकाराचा प्राणी साखळीविना लॉनवर सोडल्याची तक्रार आली आहे.' वरच्या मजल्यावरून कोणालातरी गवतात पसरलेला लांडगा दिसला होता. देवदत्तने ताबडतोब उत्तर लिहिलं, की तो प्राणी जिवंत नाही. त्यावर उत्तर आलं, की आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, मात्र मृत प्राण्याची विल्हेवाट नियमानुसार लावल्याचा पुरावा जोडावा. देवदत्तने बोर्डाचा फोटो पाठवला. फोटोत बोर्डामागे देवदत्त उभा होता. मॅनेजमेंटने लशीचं प्रमाणपत्र मागितलं. ते कोणाचं हवंय, हे पत्रात स्पष्ट केलेलं नव्हतं.

अशा सगळ्या वातावरणात दसरा आला.

दसऱ्याला शस्त्रांची आणि वाहनांची पूजा करायची, हे वसुधाकाकूंनी मिशिगनच्या बर्फातही सोडलं नव्हतं. त्यांनी काकांच्या हाडं कापायच्या करवतीलासुद्धा हळदकुंकू वाहिलं होतं. देवदत्तच्या गॅरेजमध्ये दोन गाड्या, शुभाचा लॅपटॉप, ऋताचा कॅल्क्युलेटर आणि हा बोर्ड असा सरंजाम मांडला गेला. काकू कुंकवाचा करंडा घेऊन बोर्डाजवळ आल्या आणि थबकल्या.

"देवदत्त, हा लांडगा आहे ना रे?"

"हो काकू."

"मी लांडग्याला कुंकू लावायची नाही. उलटा कर."

बोर्ड उलटा केला गेला. खालची बाजू पांढरीशुभ्र, गुळगुळीत. एवढी प्रशस्त जागा काकूंना इतक्या वर्षांत पूजेला मिळाली नव्हती. त्यांनी हात सैल सोडला. ओल्या कुंकवाची बोटं, हळदीची बोटं, मध्ये श्री, दोन्ही टोकांना वेल, वर अक्षता. शेवटी करंड्यात काही उरलंच नाही. "पोर डोंगरावर जातेय, तिच्याबरोबर बाप जातोय," त्या म्हणाल्या. "दोघं नीट परत या म्हणजे झालं. आणि हे बघ, पुजलेलं पुसायचं नसतं."

आता बोर्डाला मेण लावावं लागतं. गरम इस्त्रीने मेण वितळवून खालच्या बाजूला पसरायचं, थंड झालं की पट्टीने खरवडून काढायचं. देवदत्तने याचे सगळे व्हिडिओ पाहिले होते. पण मेण लावण्याआधी बोर्ड स्वच्छ पुसावा, असं प्रत्येक व्हिडिओत सांगितलेलं, आणि काकू तर सांगून गेलेल्या. तासभर विचार करून देवदत्तने धर्म आणि विज्ञान यांत बसणारा मध्यममार्ग काढला. त्याने कुंकवावरूनच मेण ओतलं आणि शुभाची इस्त्री फिरवली. खरवडायची वेळ आली तेव्हा मेणाबरोबर श्रीसुद्धा निघेल असं दिसल्यावर तेही तसंच ठेवलं. मेण लालसर गुलाबी, गुळाच्या पोळीइतकं जाड झालं. दुसऱ्या दिवशी इस्त्री केलेल्या त्याच्या शर्टावर पाठीमागे एक गुलाबी त्रिकोण उमटला. शुभा त्यानंतर दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

मग नुसतं वाट बघणं राहिलं. दिवस लहान झाले. हजार चुका असलेली एक चिप समोर असताना देवदत्त खिडकीबाहेर बघायचा आणि पार्किंग लॉटवर बर्फ पडायला लागायचा. कोणी हाक मारली की बर्फ थांबायचा. जानेवारीच्या शेवटी ऋताला ॲन आर्बरला प्रवेश मिळाला. ती किंचाळत खाली आली, शुभा रडली, उल्हासकाकांनी "आता ही माझ्या गावची" म्हणून पेढे वाटले. देवदत्तला अतोनात आनंद झाला आणि अतोनात वाईटही वाटलं, आणि ही दोन्ही कामं एकाच चेहऱ्याने करणं त्याला जमेना. तो गॅरेजमध्ये जाऊन बोर्डावर उभा राहिला. त्या दिवशी डोळे मिटल्यावर पुढे थांबलेली ऋता जरा जास्तच लांब दिसली.

ठरलेल्या शनिवारी पहाटे दोघं निघाली. बोर्ड गाडीत मावेना, म्हणून मागच्या काचेपासून पुढे गिअरपर्यंत दोघांच्या मधून घातला. वाटेत ऋता झोपली. डोंगरावर तिच्या मैत्रिणी आधीच आल्या होत्या. त्यांनी बोर्ड पाहिला आणि सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं.

"बाबा, तू लेसन घे," ऋता म्हणाली. "बिगिनर्ससाठी आहे, तिकडे. मी लंचला येते. ओके?"

"तू?"

"मी यांच्याबरोबर वर जाते. लंचला नक्की."

"हो हो, जा की," देवदत्त म्हणाला. पिवळं जॅकेट गर्दीत मिसळलं. दिवसभर एकत्र राहायचं असं कोणीच बोललं नव्हतं. ते त्याने परस्पर ठरवलं होतं.

नवशिक्यांना वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यासमोर रांग होती. तीत देवदत्त सोडून सगळे त्याच्या कमरेइतके होते. पुढच्या एका चिमुरडीने वळून त्याला धीर दिला, "इट्स ओके टू क्राय." झालं. आगाशांच्या अनेक पिढ्यांचा स्वाभिमान उसळून आला. देवदत्त एक बूट बोर्डात अडकवून, दुसऱ्या पायाने ढकलत, लंगडत शेजारच्या रांगेत शिरला. ती रांग पुढे सरकली, मागून तारेला लटकलेली एक खुर्ची आली, तिने त्याला गुडघ्यामागून उचललं, आणि तो हवेत होता.

खरं सांगायचं तर, वर जाताना तो सुखी होता. पाय लोंबत होते. खाली पाइनची झाडं पांढऱ्या टोप्या घालून उभी होती. आवाज नव्हता. बर्फ भुरभुरत होता, हुबेहूब डगच्या दुकानात दिसला तसा. एवढं सगळं खरं झालं, आता पिवळं जॅकेट तेवढं दिसू दे, असं तो मनात म्हणत होता. खुर्चीतून उतरायचं कसं, याचा व्हिडिओ पाहायचा राहून गेलाय, हे त्याच्या लक्षात आलं तोवर खुर्ची पोचली होती.

तो उतरला नाही. तो ओतला गेला. त्यानंतर जे झालं त्याला कोणतीही रायडिंग स्टाइल म्हणता येणार नाही. बोर्ड ताठ होता, लांब होता आणि पट्टीच्या माणसासाठी बनवलेला होता. तो आपल्या मनाने निघाला आणि देवदत्त त्याच्याबरोबर गेला. थोडं घसरणं, मग बसणं. पुन्हा घसरणं, पुन्हा बसणं. मनगटं छातीशी धरून ठेवलेली, कारण कानांत 'सुबक मोडेल' घुमत होतं. शेवटी वाटेच्या कडेला, झाडांच्या रांगेशी, तो एका मऊ ढिगात कमरेपर्यंत रुतला आणि थांबला. काही मोडलं नव्हतं. समोर उतार होता, न तुडवलेला. पुढे कोणी थांबलेलं नव्हतं.

लाल जॅकेटमधली बचाव पथकाची बाई सपकन येऊन थांबली. "सर, हलू नका! रक्त कुठून येतंय?"

"रक्त?" देवदत्तने मागे वळून पाहिलं आणि त्यालाही घेरी आली. वरपासून त्याच्यापर्यंत बर्फावर एक लांबलचक वाकडीतिकडी गुलाबी रेघ आली होती. जिथे जिथे तो बसला होता तिथे तिथे परातीएवढा गुलाबी डाग होता.

"ते रक्त नाही. ते कुंकू आहे."

"हे कोणतं औषध? रोज घेता?"

"घेत नाही. लावतात. पूजेत."

बाईने वॉकीटॉकी तोंडाशी धरली. "पुरुष, वय पन्नासच्या पुढे. रक्तस्राव नाही म्हणतोय. धार्मिक बाब आहे म्हणतोय. डोक्याला मार असावा."

तेवढ्यात वरून हाक आली, "बाबा!"

ऋताने नंतर सांगितलं. ती खुर्चीतून वर जात होती. मैत्रीण म्हणाली, खाली बघ, कोणीतरी जखमी झालंय. ऋताने पाहिलं. रेघ, डाग, रेघ, डाग. दर वाढदिवसाला औक्षण करताना आई कपाळाला लावते तो रंग. तो रंग त्या अख्ख्या डोंगरावर एकाच माणसाचा असू शकत होता. वर पोचल्याबरोबर मैत्रिणींना काही न सांगता ती त्या रेघेवरून सुटली ती इथे येऊन थांबली.

"हात हलव. पाय. नेक," ती धापा टाकत म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"अगं, मी ठीक आहे. यांना सांग."

"इट्स फ्रॉम अ सेरेमनी," ऋताने बाईंना सांगितलं. "वी ब्लेस अवर स्टफ."

"हा बोर्ड ब्लेस केलेला आहे?" बाईंनी ढिगाकडे पाहून विचारलं.

"आय नो," ऋता म्हणाली आणि तिला हसू फुटलं. हसता हसता ती बर्फात बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाई वॉकीटॉकीवर सगळं मागे घेऊन निघून गेल्या.

मग दोघं कडेकडेने पायी उतरायला लागली. ऋताचा बोर्ड तिच्या पाठीवर, देवदत्तचा बोर्ड मध्ये, एक टोक तिच्या हातात आणि एक त्याच्या.

"यू शुड हॅव टेकन द लेसन, बाबा."

"मला शिकायचं कुठे होतं?"

"मग?"

"तूच म्हणाली होतीस. मागच्या एप्रिलमध्ये, गाडीत. एकदा ये म्हणून."

ऋता थांबली. तिने आठवून पाहिलं, आणि तिला खोटं बोलता येत नाही. तेवढं बापावर गेलेलं आहे. "आय डोन्ट रिमेंबर," ती हळूच म्हणाली. "असंच म्हणाले असेन."

देवदत्तला ते लागलं. खूप लागलं. पण चूक शोधायची त्याला सवय होती, आणि ती आपलीच आहे हे त्याला लगेच सापडलं. "असू दे गं. म्हणतो माणूस."

"पण तू... तो वुल्फचा लेटर, राजेशकाका, वसुधाआजीची पूजा, हे सगळं त्याच्यासाठी?"

"दुकानातल्या माणसाने डोळे मिटायला सांगून काय दिसतंय विचारलं. मला डोंगरबिंगर कसला दिसतोय? तू दिसलीस. पुढे उभी. मागे वळून थांबलेली."

ऋताने गॉगल कपाळावरून डोळ्यांवर ओढला. पायथ्यापर्यंत ती पुढे होती, आणि दर थोड्या अंतरावर मागे वळून, बाबाचं पाऊल नीट पडेपर्यंत थांबत होती.

पार्किंगजवळ लहान मुलांची घसरगाड्यांची टेकडी होती. तिथे पोचल्यावर ऋताने बोर्ड खाली ठेवला आणि त्याच्या लांबीकडे बघत राहिली. "बाबा, स्क्रूड्रायव्हर आहे?"

देवदत्तच्या खिशात स्क्रूड्रायव्हर नाही असा दिवस उजाडायचा होता. त्याने पाय अडकवायच्या पट्ट्या काढून टाकल्या. ऋता पुढे बसली. मागे देवदत्तला ऐसपैस जागा उरली. डग, पाटी आणि राजेश कोणीही म्हणो, तो बोर्ड बरोबर दोन माणसांच्या मापाचा होता.

"रेडी?"

"माझी स्टाइल..." देवदत्त म्हणायला लागला, पण तोवर ती निघाली होती. वारा कानांतून गेला. ऋताच्या टोपीचा गोंडा त्याच्या नाकात गेला. ती किंचाळत होती, तशी ती त्याच्या खांद्यावर बसून किंचाळायची. खाली पोचून दोघं उलटीपालटी झाली, उठली, पुन्हा वर चढली. सगळी टेकडी गुलाबी रेघांनी भरून गेली. मैत्रिणींनी एकदा लांबून हात केला. ऋताने उलट हात केला आणि पुन्हा बोर्डावर बसली.

परतताना अंधार पडायला आला होता. बोर्ड पुन्हा दोघांच्या मधून गिअरपर्यंत आलेला. त्याच्या पोटावर आता जेमतेम एक वेल शिल्लक होती. ऋता झोपली असेल असं देवदत्तला वाटलं, पण ती त्या वेलीवरून बोट फिरवत होती.

"बाबा, हा मी ॲन आर्बरला घेऊन जाऊ?"

"तुला कशाला? तुझा चांगला मापाचा आहे की. हा मोठा होतो तुला."

"वाढत्या अंगाचा आहे ना?" ऋता म्हणाली. "मग होईल मला."

देवदत्तला समोरची काच धूसर दिसायला लागली. त्याने वायपर सुरू केले.

"बाबा, स्नो कधीच थांबलाय."

"असू दे," देवदत्त म्हणाला. "चालू असू दे जरा."